सातव्या ओवीतले चार सेकंद

इंदापूर, ३ फेब्रुवारी २०२५

सिद्धूदादा,

नमस्कार घातला तर तू घेशील की नाही ठाऊक नाही, म्हणून तो राखून ठेवतो आणि कामाचं लिहितो. अप्पांना दुसरा झटका आला. गेल्या महिन्यात आठ दिवस बारामतीच्या दवाखान्यात होते, आता कऱ्हाटीला घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, मागतील ते खाऊ घाला. डॉक्टर असं कधी म्हणतात ते तुला कळतं.

फोन केला असता, पण सहा वर्षं तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस. आईच्या फोनवरून बोललो तर माझा आवाज ऐकताच ठेवून देतोस. पत्र फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी दोन ओळी वाचतोच.

पहिल्या झटक्यात अप्पांची वाचा गेली ते तू पाहिलंस. त्यानंतर हळूहळू तोंडातून एकच आवाज निघायला लागला, तो तू ऐकलेला नाहीस. "सि." पाणी हवं तरी सि, कूस बदलायची तरी सि. आई म्हणते, "त्येन्ला सिद्धू म्हणायचं हाय, पुढचं येत न्हाय." मी आजवर म्हणत आलो की तो नुसता आवाज आहे, त्याला काही अर्थ नाही.

तुझा निरोप बिरूतात्यांनी तेव्हाच सांगितला होता. ज्या तोंडानं नाव गाळलं त्याच तोंडानं घ्या, मग उंबरा चढतो. अप्पांच्या तोंडून आता ते व्हायचं नाही. पण त्यांचा आवाज वीस वर्षांपूर्वी बारामतीच्या स्टुडिओत सीडीवर उतरवून ठेवलाय, आणि मी सध्या त्याच्याच मागं लागलोय.

तहसील कचेरीसमोर बसून पंधरा वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली, त्यामुळे सगळं क्रमानं मांडल्याशिवाय माझा हात चालत नाही. तुला माहीत असलेलंही लिहितो, चिडू नकोस. आपल्या गजी नाचाच्या मंडळाच्या सात ओव्यांची सीडी २००५ साली झाली. स्टुडिओवाल्यानं एकाच मूळ प्रतीवरून चार सीड्या काढून दिल्या. एक अप्पांना, एक तुला, एक बिरूतात्यांना आणि एक देवाला. सातवी ओवी नावांची:

ढोल सिद्धूचा घुमं, झांज बिरूच्या हाताला,
जोतीराम संगं हाय, देव निघाला माळाला.

आपल्या मंडळाची रीत अशी की या ओवीतून ज्याचं नाव गळलं तो मंडळातून गेला. तोंडावर कुणाला जा म्हणायचं नाही, कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही. जत्रेत नाव आलं नाही की त्या माणसानं वाद्य खाली ठेवायचं. आजोबांच्या काळात दोघे असेच गेले म्हणतात.

२०१९ च्या चैत्रात अप्पा गाऊ शकत नव्हते म्हणून मी त्यांच्या सीडीवरून पेनड्राइव्ह भरला आणि बिरदेवाच्या माळावर कर्ण्यातून लावला. तू ढोल धरला होतास. सातव्या ओवीत थेट "झांज बिरूच्या हाताला" आलं, त्याच्या आधीचं तुझं नाव आलंच नाही. महिनाभर आधी तू दुसऱ्या एका मंडळाचा ढोलकरी आजारी म्हणून त्यांच्यात एक दिवस वाजवून आला होतास. अप्पांना ते लागलं होतं, आणि ते गावाला ठाऊक होतं. तू ढोल खाली ठेवलास, कपाळावरचा भंडारा पुसलास आणि चालता झालास. अप्पा खुर्चीत बसून बघत होते.

आता माझं. मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की ते नाव मी कापलं नाही आणि अप्पांनी कापायला सांगितलं नाही. सीडीला ओरखडा होता. कॉम्प्युटरनं तेवढी जागा उडी मारून ओलांडली आणि मागचं पुढचं जोडून टाकलं. पेनड्राइव्ह मी न ऐकताच नेला. एवढंच घडलं.

हल्लीच मला एक सॉफ्टवेअर मिळालंय, सीडी अचूक उतरवण्यासाठीच केलेलं. नेहमीचं सॉफ्टवेअर एकदा वाचतं, अडलं तर अंदाजानं भरतं किंवा सोडून देतं, आणि काम झालं म्हणून सांगतं. हे प्रत्येक जागा परत परत वाचतं. वाचनं तंतोतंत जुळली तरच पुढं सरकतं, आणि नाहीच जुळली तर कुठल्या सेकंदाला अडलं ते नोंदीत लिहून देतं. बैल गेला अन् झोपा केला, असं म्हणशील. म्हण.

चारही सीड्यांचा शोध घेतला. देवाची सीडी भंडाऱ्यानं इतकी माखली होती की धुताना वरचा थरच निघून आला. बिरूतात्यांची त्यांच्या डाळिंबाच्या बागेत टांगलेली सापडली, पाखरं बुजावीत म्हणून. चार वर्षं उन्हात आहे, आरपार दिसतं. पाखरं बुजतात म्हणाले. राहिली अप्पांची, ओरखडा असलेली. तुझी तू कालव्यात टाकलीस असं लोक सांगतात. टाकली नसलीस तर तुझ्या प्रगतीला दे. पोरगी कॉम्प्युटर शिकते, तिला जमेल. सॉफ्टवेअरचं नाव चिठ्ठीवर लिहून सोबत जोडलंय.

अप्पांना किती दिवस आहेत ते कुणी सांगत नाही.

जोतीराम


इंदापूर, २४ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. आलं असतं तर मीच घाबरलो असतो.

काल कऱ्हाटीला जाताना एसटी काटेवाडीला थांबली तेव्हा तू रस्त्याच्या कडेला दुधाचे कॅन घेऊन उभा होतास. दर रविवारी ही गाडी तुझ्या दारावरून जाते आणि दर रविवारी मी त्या बाजूची खिडकी धरतो. काल हात वर केला. तू पाठ फिरवलीस, पण त्याआधी बघितलंस. केस पांढरे झाले रे तुझे.

अप्पांना आता पातळच चालतं, तेही चमच्यानं. अर्धं बाहेर येतं. आई विचारते, "लिवलं का त्येला?" मी लिहिलं म्हणतो. काय लिहिलं ते ती विचारत नाही.

कामाचं सांगतो. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नसते, म्हणून जुन्या कॉम्प्युटरांमधले तीन ड्राइव्ह काढून आणले. पहिल्यानं सीडी ओळखली नाही, दुसरा नुसताच घरघरला. तिसऱ्यानं सहा ओव्या उतरवल्या, आणि नोंदीत एकही जागा संशयित नाही. प्रत्येक ओवीचा एक आकडा निघतो, इंग्रजी अक्षरं आणि अंक मिळून आठ खुणांचा. ओवीतला एक श्वास इकडचा तिकडं झाला तरी आकडा पार बदलतो. हे सॉफ्टवेअर वापरणारे लोक आपापल्या सीडीचे आकडे एका ठिकाणी जमा करतात. दोघांचे जुळले की समजायचं, दोन्ही प्रती खऱ्या उतरल्या. आपल्या सीडीपुढं लिहून आलं की ही आजवर कुणीच उतरवलेली नाही. कऱ्हाटीच्या ओव्या दुसरं कोण उतरवणार, पण ते वाचून मला उगीच एकटं वाटलं.

सातवी अडली. कुठं अडली ते बघ, नोंद छापून जोडलीय. चार मिनिटं अकरा सेकंद ते चार मिनिटं पंधरा सेकंद. ओवी तुला पाठ आहे, घड्याळ लावून म्हणून बघ. बरोबर तुझ्या नावाची जागा आहे. कागद माझ्या दुकानातला असला तरी मजकूर माझा नाही, यंत्राचा आहे. यावर तरी विश्वास ठेव.

आणखी एक गोष्ट आहे, ती आईला सांगितली नाही. सीडीला मधल्या भोकापासून चीर गेलीय. पहिल्या दिवशी दिसतही नव्हती, परवा नखाएवढी झाली, आज बघितलं तर अजून पुढं सरकलीय. सीडी फिरवली की चीर वाढते, नाही फिरवली तर तुझं नाव मिळत नाही. वेग सगळ्यात कमी करून ठेवलाय. अप्पांच्या आवाजाची तेवढी एकच मूळ वस्तू शिल्लक आहे, आणि ती माझ्यासारख्या धांदरटाच्या हातात आहे.

जोतीराम


इंदापूर, ११ मार्च

दादा,

तुझी सीडी कालव्यात गेलेली नाही.

शनिवारी दुपारी सॉफ्टवेअर उघडलं तर आपल्या सीडीपुढं लिहून आलं, आणखी एक प्रत. पहिल्या सहा ओव्यांचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळत होते, आठच्या आठ खुणा. मी बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं. चारांतली एक भंडाऱ्यानं खाल्ली, एक डाळिंबात टांगलीय, एक माझ्यासमोर. मग ही कुणाची? मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रडलो. लिहायला लाज वाटत नाही. सहा वर्षं तू ती जपून ठेवलीस आणि लोकांना कालवा सांगत राहिलास.

तुझ्याकडून सातव्या ओवीचाही आकडा आला होता. माझी जागा रिकामी होती. त्या आनंदात मी मूर्खपणा केला. माझाही आकडा निघावा आणि तुझ्याशी जुळावा असा हट्ट धरला आणि त्या चार सेकंदांवर सॉफ्टवेअरला परत लावलं. साठ वेळा वाचलं, सत्तर वेळा वाचलं. मग ड्राइव्हच्या आत काडकन आवाज झाला. उघडलं तर पाच तुकडे. आता अप्पांची पुरी सातवी ओवी फक्त तुझ्या घरात आहे.

काल प्रगती येऊन गेली. गिऱ्हाइकासारखी काउंटरबाहेर उभी राहिली, मी ओळखलंच नाही. तुझ्यासारखी भुवई वर करून बघते. तिनं सांगितलं की तिच्या बापूंनी नोंद दोनदा वाचली, घड्याळ लावून ओवी म्हणून बघितली, आणि नाव यंत्रानं गाळलं हे त्यांना पटलं. ऐकून मी खुर्चीवर बसलो. मग ती म्हणाली, "काका, अजून एक इचारायला सांगितलंय. पेनड्राइव माळावं न्यायच्या आदी तुमी ऐकला व्हता का?"

मी तिला सांगितलं, जत्रेची गडबड, दुकानात गर्दी, ऐकायला वेळ कुठला. ती बरं म्हणाली आणि गेली. पाणी पुढं केलं तर तेही घेतलं नाही.

तेव्हा आता सगळं मिटलंय. तू ये. अप्पा दिवसाचे चार तासही जागे नसतात, जागे असतात तेव्हा दाराकडे बघतात. यंत्राची नोंद तुझ्यापुढं आहे, तरी तुला असं का विचारावंसं वाटलं ते मला कळलं नाही.

जोतीराम


इंदापूर, १२ मार्च

दादा,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि दुकानात येऊन बसलो तर बसवेना. एक बाई वारसाचं प्रतिज्ञापत्र करायला आली होती. शेवटची ओळ मी न बघता टाइप करतो, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. आज ती ओळ येईना. बाईला उद्या या म्हणून परत पाठवलं.

मी पेनड्राइव्ह ऐकला होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी, दुकानात, हेडफोन लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गर्दी नव्हती, एक गिऱ्हाईक नव्हतं. सातव्या ओवीत ठेका अडखळला. मला ताल नाही हे सारं गाव जाणतं, पण मलाही ते कळलं. मागं घेऊन परत ऐकलं. तुझं नाव नव्हतं. सीडी हाताशी होती, पुसून परत उतरवली असती तर दहा मिनिटं लागली असती. तुझ्याकडून तुझी सीडी मागून आणता आली असती. मी पेनड्राइव्ह काढला आणि खिशात टाकला.

ती ओवी नीट ऐक. ढोल तुझा. झांज बिरूतात्यांची. आणि जोतीराम संगं हाय. मला वाद्य नाही, मी नुसताच संगं. बहिणीचं आईविना पोर म्हणून अप्पांनी तुला घरी आणलं, सातव्या वर्षी तुझ्या हातात ढोलाची टिपरी दिली, आणि मला घोंगड्या राखायला बसवलं. अप्पांची चूक नव्हती, माझे हातच तसे. पण प्रत्येक जत्रेत ती ओवी आली की मला मान खाली घालावीशी वाटायची. एक वर्ष, मनात म्हटलं, एकच वर्ष त्या ओवीत तू नसावास आणि मी असावा. रीत मला माहीत होती. नाव गळल्यावर तू काय करशील तेही माहीत होतं. नाही होतं असं आता म्हणणार नाही.

आणि याहून वाईट अजून लिहायचंय. तू ढोल ठेवलास तेव्हा मी मशीनपाशी उभा होतो, माईक हाताजवळ होता. दादा, थांब, सीडीचा दोष आहे, एवढंच म्हणायचं होतं. अप्पा खुर्चीतून डावा हात हलवत होते. गावाला वाटलं, जा म्हणतायत. तुलाही तेच वाटलं. मी सगळ्यांत जवळ होतो, मला त्यांचं तोंड दिसत होतं. ते तुला बोलावत होते.

मी गप्प राहिलो, आणि मग सहा वर्षं गप्प राहिलो. तू अप्पांवर रुसलास, अप्पा सि सि करत राहिले, आणि मी दोघांच्या मध्ये बसून त्याला अर्थ नाही म्हणत राहिलो. सॉफ्टवेअर मिळालं तेव्हा आनंद कशाचा झाला सांगू? यंत्र माझी साक्ष देईल याचा. पहिल्या पत्रापासून मी ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. यंत्राची नोंद खरी आहे. खोटं होतं ते माझं प्रतिज्ञापत्र.

माझं तोंड बघू नकोस. मी रविवारचा जाणार नाही, त्या दिवशी तू जा. माझा राग अप्पांवर काढू नकोस, त्यांनी तुला कधीच गाळलं नव्हतं.

जोतीराम


इंदापूर, ७ एप्रिल

दादा,

तीन रविवार मी कऱ्हाटीला गेलो नाही. आईला फोन करून विचारायचो, कुणी आलं का. कुणी आलं नाही.

बुधवारी बारामतीहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं दुकानाबाहेरून हाक मारली आणि एक पुडकं दिलं. घोंगडीचा तुकडा, वर सुतळी, आत तुझी सीडी. चिठ्ठी शोधली, घोंगडी झटकूनही बघितली. नव्हती. सीडीवर एक ओरखडा नाही. मी अप्पांची वीस वर्षं कुठंही टाकत आलो आणि तू तुझी अशी ठेवलीस.

ड्राइव्हमध्ये घालायला दोन दिवस धजलो नाही. शुक्रवारी घातली. सहा ओव्या उतरल्या, सातवी सुरू झाली, चार मिनिटं अकराला मी डोळे मिटून घेतले. यंत्र अडलं नाही. सातवीचा आकडा निघाला आणि प्रगतीच्या आकड्याशी जुळला. तुझं नाव नीट आहे, दादा. अप्पा ते थोडं लांबवून म्हणतात, मी विसरलो होतो.

काल अप्पांना ऐकवली. आईनं त्यांचा डावा हात मांडीवर घेतला होता. पहिल्या ओवीपासून बोट हलत होतं, तिच्या मनगटावर. सातवीत तुझं नाव आलं आणि बोट थांबलं. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. तेव्हा मी आईसमोर, अप्पांसमोर सगळं सांगितलं. तुला लिहिलं त्यातलं काही गाळलं नाही. आईनं दुपारी मला जेवायला वाढलं, बाहेर पडताना डबाही दिला, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. अप्पांना किती कळलं ते सांगता येत नाही.

शनिवारी पौर्णिमेची जत्रा आहे. अप्पांना माळावर न्यायचं आईनं ठरवलंय, बिरूतात्यांच्या टेम्पोत खाट टाकून. डॉक्टरांना विचारलेलं नाही. ओव्या पेनड्राइव्हवरूनच लागतील, तुझ्या सीडीवरून उतरवलेल्या. त्यात मी एक बदल केलाय आणि तो तुला आधी कळायला हवा. सातव्या ओवीतून माझं नाव काढलंय. या वेळी कापलंय, मुद्दाम, माझ्या हातानं. रीत सगळ्यांना सारखी. मागचं पुढचं जोडून टाकलेलं नाही, जागा मोकळी ठेवलीय, तीही चार सेकंदांचीच निघाली. जोडलेलं कुणाला कळत नाही, मोकळी जागा सगळ्यांना ऐकू येते. गावानं विचारलं तर सांगणार आहे. तुझ्या सातवीच्या आकड्याशी आता या ओवीचा आकडा जुळणार नाही, म्हणून प्रगतीला आधीच सांगून ठेव, यात यंत्राचा दोष नाही.

तुझा ढोल आईनं माळ्यावरून काढलाय. सहा वर्षं दर दिवाळीला ती तो ऊन दाखवून परत ठेवायची. मला वाटायचं, कशाला.

ये.

जोतीराम


कऱ्हाटी, १४ एप्रिल

दादा,

तू तिथं होतास, तरी लिहितो. माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही, आणि तू शेवटच्या गाडीनं न बोलता गेलास. रात्री तुला फोन लावून बघितला. नंबर अजून ब्लॉकच आहे. राहू दे. पत्ता आहे माझ्याकडे.

सहा ओव्या ढोलाविना गेल्या. बिरूतात्या एकटे झांज वाजवत होते, पोरं नाचत होती, पण पाय उचलत नव्हते. मी मशीनपाशी होतो, आई खाटेपाशी. तू रस्त्याच्या कडेनं कधी वर आलास मला दिसलं नाही. सातवी सुरू झाली आणि ढोल बोलला, तेव्हा मी मान वर केली. आईनं पदर तोंडाला लावला होता. अप्पा तुझ्याकडे बघत होते की आभाळाकडे, ते मला तिथून कळेना.

तुझं नाव आलं. चार मिनिटं अकरा. सगळ्या माळानं ऐकलं. तू वाजवत राहिलास, नुसती मान खाली घातलीस. मग बिरूतात्यांचं नाव आलं. मग माझी मोकळी जागा आली.

कर्णा गप्प झाला. तुझा ढोल चालू होता. मी मनात आकडे मोजत होतो, एक, दोन. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. आधी सि, रोजचा. आणि मग ठेक्यात, लांबवून, सुरात, पुरा शब्द. "सिद्धूचा." सहा वर्षांत पहिल्यांदा. बोलता येत नव्हतं त्या माणसाला गाता आलं.

खरं लिहितो, दादा, आता लपवून काय करू. तेव्हाही मला टोचलं. माझ्या मोकळ्या जागेतही तूच. तेवढ्यात वाटलं, असू दे, त्यांची ही हाक मीच सहा वर्षं अडवून धरली होती.

तू ढोलावर पंजा ठेवून तो थांबवलास, मी मशीन थांबवलं. टेम्पोच्या फाळक्यावर हात ठेवून अप्पांवर वाकलास. माईक आईनं खाटेला बांधून ठेवला होता, मला ते माहीत नव्हतं. त्यामुळे तू हळू बोललास तरी सगळ्या माळावर ऐकू गेलं, आणि माझ्यापर्यंतही आलं.

"न्हाय, अप्पा. माझं मगाशी झालं. हितं जोतीराम संगं हाय."

मग मी मशीन परत सुरू केलं, कर्ण्यातून देव माळाला निघाला आणि तू ढोल उचललास.

अप्पांनी आज सकाळी सहा चमचे पेज घेतली. आई माझ्याशी एक वाक्य बोलली, दुकान उघडायला कधी जाणार म्हणून. तुझी सीडी त्याच घोंगडीच्या तुकड्यात बांधून ठेवलीय. रविवारी एसटी काटेवाडीला थांबली की खिडकीतून देईन. घ्यायला तू ये किंवा प्रगतीला पाठव.

पहिल्या पत्रात राखून ठेवलेला नमस्कार आता घालतो.

जोतीराम